एकशे बेचाळीस सामने, दोन गोल

लिलियन थुराम फ्रान्सच्या संघाकडून १४२ सामने खेळला आणि त्यात त्यानं दोन गोल केले. दोन्ही एकाच रात्री. ८ जुलै १९९८, वर्ल्डकपची सेमीफायनल, समोर क्रोएशिया. त्याआधी एकही नाही, त्यानंतर एकही नाही. आज त्याचं नाव सर्च केलं की हीच क्लिप समोर येते: दुसऱ्या गोलनंतर गुडघ्यांवर बसलेला थुराम, ओठांवर बोट, जणू कुणीतरी अवघड प्रश्न विचारलाय आणि हा उत्तर शोधतोय. सोबतचे खेळाडू अंगावर येऊन पडतात, तरी चेहऱ्यावरचा भाव तसाच.

बाकीच्या १४१ सामन्यांत त्यानं काय केलं याच्या क्लिपा शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. बचावपटूचं चांगलं काम म्हणजे काहीतरी न घडणं. पास निघायच्या आधीच तो दोन पावलं सरकतो, समोरच्याला वाट बंद दिसते, तो चेंडू मागे देतो. झालं. टाळ्या नाहीत, रिप्ले नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री दोनला पडलेला सर्व्हर उभा करणाऱ्याचं आमच्या ग्रुपवर कौतुक होतं. तो पडूच नये म्हणून सहा महिने आधी कंटाळवाणं काम करून ठेवणाऱ्याचं नावही कुणाला आठवत नाही. त्यामुळे मला बचावपटूंबद्दल आधीपासूनच जरा जास्त माया आहे.

पण थुरामवर लिहायचं कारण तेवढंच नाही. ज्या देशाची जर्सी तो १४ वर्षं घालत होता, त्या देशाचा त्याच्यासारख्या माणसांशी असलेला व्यवहारही असाच आहे. जिंकले की ते दिसतात, आणि काही बिघडलं की पुन्हा दिसतात. मधल्या काळात ते कुठे असतात, हा प्रश्न थुरामनं खेळता खेळता विचारायला सुरुवात केली आणि अजून सोडलेला नाही.

आधी ती रात्र. हाफटाइमपर्यंत ०-०. दुसरा हाफ सुरू झाल्या झाल्या असानोविचचा पास बचावफळीच्या मागे पडला आणि दावोर शुकर एकटाच पुढे निघाला. गोल. अशा वेळी बचावाच्या चौघांनी एका रेषेत पुढे सरकायचं असतं, म्हणजे मागे राहिलेला फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये सापडतो. त्या क्षणी तिघं रेषेत होते. उजव्या टोकाचा थुराम दोन पावलं मागे राहिला होता. म्हणजे चूक त्याचीच होती, आणि सबंध स्टेडियमसमोर झाली होती.

मिनिटभरात तो क्रोएशियाच्या पेनल्टी बॉक्सच्या तोंडाशी होता. बोबानकडून त्यानं चेंडू हिसकावला, जोरकाएफकडे दिला, पुढे धावला, परत घेतला आणि जाळ्यात मारला. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास पुन्हा तोच. बॉक्सबाहेर उजवीकडे झटापटीत चेंडू जिंकला आणि डाव्या पायानं, जो त्याचा पाय नव्हे, लांबच्या कोपऱ्यात वळवला. फ्रान्स २, क्रोएशिया १. थोड्याच वेळात लॉराँ ब्लाँला रेड कार्ड मिळालं आणि फ्रान्सनं उरलेला सामना दहा जणांत काढला. ब्लाँचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

गंमत म्हणजे थुराम स्वतःला राइट-बॅक मानतच नव्हता. क्लबमध्ये तो बचावाच्या मध्यभागी खेळायचा, त्याला तीच जागा आवडायची. पण राष्ट्रीय संघात मधल्या दोन जागा ब्लाँ आणि मार्सेल दसाई यांच्या. (या दसाईचा कोकणातल्या देसायांशी संबंध नाही. तो जन्मला घानात, अक्रा शहरात, आणि फ्रेंच सावत्र वडिलांकडून त्याला हे आडनाव मिळालं.) म्हणून प्रशिक्षक एमे जाके यांनी थुरामला उजवीकडे सरकवलं. इतिहासात तो गेला तो न आवडणाऱ्या जागेवर, न आवडणाऱ्या पायानं, न नेमलेलं काम करून.

आता थोडं मागे जाऊ. थुरामचा जन्म १ जानेवारी १९७२ चा, ग्वाडेलूपमधला. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट नकाशावर पॅरिसपासून हजारो किलोमीटर दूर दिसतं, पण ते फ्रान्स आहे. फ्रान्सची वसाहत ‘होती’ असं नाही. १९४६ पासून ते आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्यासारखं फ्रान्सचं अंग आहे आणि तिथे जन्मलेलं मूल जन्मानं फ्रेंच नागरिक असतं. फ्रेंचांनी या बेटावर पाय ठेवला तो १६३५ मध्ये. नीस हे समुद्रकिनाऱ्यावरचं देखणं शहर फ्रान्समध्ये आलं १८६० मध्ये. म्हणजे ग्वाडेलूप नीसपेक्षा सव्वादोनशे वर्षं आधीपासून फ्रेंच आहे. तरीही नीसमध्ये जन्मलेल्या गोऱ्या माणसाला कुणी ‘मूळचा कुठला’ असं विचारत नाही.

त्या बेटावर ऊस पिकायचा आणि तो पिकवायला आफ्रिकेतून गुलाम आणले जायचे. फ्रेंच क्रांतीनंतर १७९४ मध्ये गुलामी रद्द झाली. स्वातंत्र्य, समता, बंधुता ऊसमळ्यापर्यंत पोचली म्हणायची. पण नेपोलियननं १८०२ मध्ये सैन्य पाठवून गुलामी परत आणली. जगात एकदा मुक्त केलेल्या माणसांना कायद्यानं पुन्हा गुलाम करण्याची उदाहरणं कमीच असतील. ग्वाडेलूपमध्ये लुई देलग्रेस नावाच्या मिश्रवंशीय अधिकाऱ्यानं बंड केलं. चारी बाजूंनी कोंडी झाल्यावर त्यानं आणि त्याच्या सुमारे तीनशे साथीदारांनी मातुबा इथे दारूगोळ्याला बत्ती लावून स्वतःला उडवून दिलं. गुलामी कायमची संपली १८४८ मध्ये. मग मळेवाल्यांना मजूर हवे होते, तेव्हा १८५४ पासून पाँडिचेरी, कारैकल आणि पुढे कलकत्त्याहून सुमारे ४० हजार भारतीय करारावर तिथे नेले गेले. आजही ग्वाडेलूपमध्ये तमिळ आडनावं सापडतात.

ही सगळी जुनी गोष्ट वाटते, पण थुराम हिशोब वेगळा मांडतो. माझे आजोबा १९०८ मध्ये जन्मले, असं तो सांगतो. म्हणजे गुलामी संपून फक्त साठ वर्षं झाली होती. त्याची आई मारियाना ऊसतोडणी करायची. ऊसतोड कामगारांच्या घरातलं मूल म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आई पाच मुलांना मागे ठेवून आधी एकटी फ्रान्सला गेली. घरकाम, साफसफाई करून पैसे जमवले आणि १९८१ मध्ये मुलांना बोलावून घेतलं. लिलियन तेव्हा नऊ वर्षांचा. तो म्हणतो की मी काळा झालो तो वयाच्या नवव्या वर्षी, पॅरिसजवळच्या शाळेत. त्या काळी फ्रेंच टीव्हीवर एका काळ्या, बावळट गायीचं कार्टून लागायचं. वर्गातली पोरं त्याला त्या गायीच्या नावानं हाक मारू लागली. घरी येऊन त्यानं आईला विचारलं, हे असं का? आई म्हणाली, लोक असेच असतात, वर्णद्वेषी असतात, ते काही बदलायचं नाही. पुढे मोठेपणी जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत त्यानं ही गोष्ट सांगितली आहे आणि दरवेळी हेही सांगितलं आहे की आईचं ते उत्तर त्याला पटलं नव्हतं. माणसं ‘अशीच’ असतील तर ती तशी कधी झाली, कुणी केली? हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तो नऊ वर्षांच्या मुलाला पडला होता.

कुटुंब स्थिरावलं ते पॅरिसच्या दक्षिणेला, फाँतेनब्लोजवळच्या आव्हाँ गावच्या सरकारी वसाहतीत. सगळ्या देशांतून आलेल्या कामगारांची पोरं एकत्र खेळायची. थुरामचा एक सुरुवातीचा क्लब होता फाँतेनब्लोच्या पोर्तुगीज लोकांचा. कॅरिबियन पोरगा पोर्तुगीज क्लबातून खेळत फ्रेंच फुटबॉलमध्ये शिरला. लहानपणी त्याला पाद्री व्हायचं होतं. ते राहून गेलं.

मोनॅकोच्या क्लबनं त्याला हेरलं. तिथे प्रशिक्षक होते आर्सेन वेंगर, जे पुढे आर्सेनलमुळे जगाला कळले. त्यांनी त्याला पहिल्या संघात उतरवलं आणि हळूहळू पक्का बचावपटू बनवलं. १७ ऑगस्ट १९९४ ला बोर्दोमध्ये चेक प्रजासत्ताकाविरुद्ध थुराम पहिल्यांदा फ्रान्ससाठी खेळला. सामना २-२ सुटला. त्या सामन्याची गोष्ट मात्र कुणी थुरामच्या नावानं सांगत नाही, कारण त्याच दिवशी झिनेदिन झिदानही पहिल्यांदा खेळला. तो बदली खेळाडू म्हणून आला, संघ दोन गोलांनी मागे होता आणि त्यानं दोन्ही गोल केले. पुढची बारा वर्षं हे असंच चालणार होतं.

१९९६ मध्ये तो इटलीला, पार्माकडे गेला. बचाव शिकायचा असेल तर त्या काळात इटलीसारखी शाळा नव्हती. पहिल्या दोन वर्षांत प्रशिक्षक कार्लो अँचेलोटी, गोलमध्ये विशीतही न पोचलेला बुफॉन, शेजारी फाबिओ कानावारो. पार्मा हे छोटं शहर, डेअरी कंपनीच्या पैशावर चालणारा क्लब, पण त्या तिघांना एका संघात बघणं ही चैन होती. १९९९ मध्ये त्यांनी मॉस्कोत मार्सेलला ३-० असं हरवून युएफा कप जिंकला. २००१ मध्ये थुराम आणि बुफॉन दोघेही युव्हेंटसकडे गेले, आणि थुराम तेव्हाच्या जगातल्या सगळ्यात महागड्या बचावपटूंपैकी एक ठरला. तिथे लीग जिंकली, २००३ ची चॅम्पियन्स लीग फायनल पेनल्टीवर हरली. २००६ मध्ये पंच ‘मॅनेज’ करण्याचं प्रकरण उघड झालं, क्लब खालच्या विभागात ढकलला गेला, शेवटची दोन विजेतेपदं काढून घेतली गेली आणि थुराम बार्सिलोनाला गेला. तिथली दोन वर्षं बरीचशी बाकावर. क्लबची कहाणी एवढ्यावर सोडतो, कारण खरी कहाणी निळ्या जर्सीत घडत होती.

१९९६ च्या युरो स्पर्धेच्या वेळी अतिउजव्या नॅशनल फ्रंटचा नेता जाँ-मारी ल पेन म्हणाला होता की बाहेरून खेळाडू आणायचे आणि त्याला फ्रान्सचा संघ म्हणायचं हे कृत्रिम आहे. हे खेळाडू राष्ट्रगीतही गात नाहीत, अशीही त्याची तक्रार होती. ‘बाहेरून’ म्हणजे कुठून? थुराम ग्वाडेलूपचा. क्रिस्तियाँ कारांबू न्यू कॅलेडोनियाचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या फ्रेंच भूमीचा. झिदान मार्सेलमध्ये जन्मलेला, आईवडील अल्जीरियातून आलेले. लिझाराझू बास्क, जोरकाएफच्या घरात आर्मेनियन आणि काल्मिक मुळं, व्हिएरा सेनेगलमध्ये जन्मलेला. यातल्या बहुतेकांचा ‘बाहेर’ हा फ्रान्सनं स्वतः जाऊन जिंकलेला प्रदेश होता.

दोन वर्षांनी याच संघानं ब्राझीलला ३-० असं हरवून वर्ल्डकप जिंकला. शाँझेलिझेवर दहा लाखांहून जास्त लोक उतरले, विजयकमानीवर झिदानचा चेहरा झळकला. ‘काळे, गोरे, अरब’ अशी घोषणा तयार झाली आणि वर्तमानपत्रांनी जाहीर केलं की वर्णद्वेषाचा प्रश्न सुटला. त्या वर्षाबद्दल वाचताना मला एक वेगळीच तारीख सापडली, जी फुटबॉलच्या माहितीपटांमध्ये सहसा येत नाही. १९९८ हे गुलामी संपल्याचं दीडशेवं वर्ष होतं. २३ मे १९९८ ला, म्हणजे सेमीफायनलच्या साधारण सात आठवडे आधी, गुलामांच्या वंशजांनी पॅरिसमध्ये प्रचंड मूक मोर्चा काढला होता. सरकारी समारंभांत मुक्ती ‘देणाऱ्यांचं’ कौतुक चाललं होतं. मोर्चातले लोक म्हणत होते की आमच्या पूर्वजांचं नाव घ्या. त्याच वर्षी पॅरिसच्या पाँथेआँमध्ये, जिथे राष्ट्राच्या थोरांचा सन्मान होतो, देलग्रेसचं नाव कोरलं गेलं. मे महिन्यात त्या वंशजांकडे बघायला फारसं कुणाला सवड नव्हती. जुलैत त्यांच्यातल्याच एकाच्या पायांनी देश फायनलला पोचला.

विजयाची नशा किती टिकते? ६ ऑक्टोबर २००१ ला फ्रान्स आणि अल्जीरिया पॅरिसजवळ मैत्रीपूर्ण सामना खेळले. अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावरचा हा त्यांचा पहिलाच सामना. फ्रेंच राष्ट्रगीत सुरू होताच शिट्ट्या आणि हुर्यो. फ्रान्स ४-१ असा पुढे असताना शेकडो तरुण मैदानात घुसले आणि सामना थांबवावा लागला. बहुतेक खेळाडू आत गेले. थुराम त्या पोरांपैकी एकाला धरून ओरडत होता: तुला कळतंय का तू काय करतोयस? मला हा प्रसंग त्या दोन गोलांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ती पोरं त्याच्यासारख्याच वसाहतींमधली होती. उद्या टीव्हीवर काय दाखवलं जाईल आणि त्याचा फायदा कोण उठवेल, हे त्याला आधीच दिसत होतं. पास निघायच्या आधी सरकणारा बचावपटू तो. सहा महिन्यांनी, २१ एप्रिल २००२ ला, ल पेन राष्ट्राध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत पोचला. त्याच उन्हाळ्यात विश्वविजेते एकही गोल न करता वर्ल्डकपच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडले.

२७ ऑक्टोबर २००५. पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-बुआमध्ये पोलिसांना घाबरून दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात लपली आणि शॉक लागून मेली. झायेद १७ वर्षांचा, बुना १५ चा. तीन आठवडे उपनगरं जळत होती, देशात आणीबाणी लागू झाली. गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी त्याआधीच या वस्त्यांतल्या पोरांना ‘मवाली’ या अर्थाचा शब्द वापरला होता, आणि वस्ती पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुऊन काढायची भाषाही केली होती. फ्रान्सचा संघ तेव्हा मार्टिनिक बेटावर कोस्टा रिकाविरुद्धच्या सामन्यासाठी गेला होता. थुराम तिथून बोलला. त्याचा आशय असा: मीही अशाच वस्तीत वाढलो, मलाही कुणी मवाली म्हटलं असतं, पण मी मवाली नव्हतो. आम्हाला काम हवं होतं. हिंसा अशीच उगवत नाही, तिचं कारण शोधा.

चालू कारकिर्दीतला खेळाडू गृहमंत्र्याला असं बोलतो हे तेव्हा नवं होतं. पण खेळाडूला तेवढ्यापुरतं ऐकून घेतलं जातं, कारण त्याची गरज असते. थुराम २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला होता. २००५ मध्ये पात्रता धोक्यात आल्यावर त्याला, झिदानला आणि माकेलेलेला परत बोलावलं गेलं. २००६ च्या वर्ल्डकपमध्ये हेच म्हातारे संघाला फायनलपर्यंत घेऊन गेले. (त्या संघात विकाश धोरासू नावाचाही एक जण होता, मॉरिशसहून आलेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला. तो बदली म्हणून दोनदा मैदानात उतरला. आपल्याकडे याची नोंद फारशी कुणी घेतली नाही.) स्पर्धेआधी ल पेननं पुन्हा संघात काळे जास्त झाल्याची तक्रार केली होती. थुरामनं उत्तर दिलं की या गृहस्थांना अजून कळलेलं नाही की फ्रेंच माणसं काळी, गोरी, सावळी अशी सगळ्या रंगांची असतात, आणि शेवटी फ्रान्स झिंदाबाद म्हणाला, पण ल पेनला हवा तो फ्रान्स नाही. पोर्तुगालविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये सामनावीर ठरला ३४ वर्षांचा थुराम. गोल मात्र झिदाननं पेनल्टीवर केला होता. आणि फायनल? ती कुणाला बचावामुळे आठवत असेल तर मला सांगा. झिदाननं मातेराझ्झीच्या छातीत डोकं मारलं, इटली पेनल्टीवर जिंकली.

दोन महिन्यांनी त्याच इटलीविरुद्ध पॅरिसजवळ सामना होता. ऑगस्टमध्ये काशाँ इथल्या एका मोठ्या इमारतीतून शेकडो लोकांना पोलिसांनी बाहेर काढलं होतं. बहुतेक आफ्रिकन स्थलांतरित, बऱ्याच जणांकडे कागदपत्रं नाहीत. थुराम आणि व्हिएरा यांनी त्यांच्यापैकी सुमारे ८० जणांना स्टेडियममध्ये पाहुणे म्हणून बोलावलं. गृहमंत्री सार्कोझीच. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आठ महिन्यांवर. बराच गदारोळ झाला. फ्रान्सनं सामना ३-१ जिंकला.

२००८ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या क्लबशी बोलणी चालली असताना वैद्यकीय तपासणीत हृदयात दोष सापडला आणि थुराम थांबला. १४२ हा फ्रान्सचा विक्रम होता. २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये गोलकीपर ह्यूगो लोरिसनं तो मोडला.

निवृत्तीनंतर माजी खेळाडू सहसा टीव्हीवर बसतात किंवा प्रशिक्षक होतात. थुरामनं वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली, पुस्तकं लिहिली, शाळांमध्ये फिरला. त्याच्या सगळ्या कामांत मला सगळ्यात भिडलं ते २०११ चं प्रदर्शन. पॅरिसच्या के ब्राँली संग्रहालयात, इतिहासकार पास्काल ब्लाँशार यांच्यासोबत, थुरामनं ‘मानवी प्राणिसंग्रहालयां’चा इतिहास मांडला. एकोणिसाव्या शतकापासून विसाव्याच्या पूर्वार्धापर्यंत युरोप-अमेरिकेत आफ्रिका, आशिया, पॅसिफिकमधली माणसं कुंपणाआड ठेवून तिकिटावर दाखवली जायची. १९३१ मध्ये पॅरिसला भव्य वसाहत प्रदर्शन भरलं, त्याची ३ कोटींहून जास्त तिकिटं विकली गेली. त्याच सुमाराला शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका प्राणीबागेत, न्यू कॅलेडोनियातून आणलेल्या शंभरेक कनाक लोकांना ‘नरभक्षक’ म्हणून उभं केलं होतं. ते ख्रिस्ती होते, त्यातल्या अनेकांना फ्रेंच येत होतं. त्यांना जंगली आवाज काढायला लावायचे. पुढे काहींना जर्मनीतही पाठवलं गेलं.

त्या लोकांमध्ये क्रिस्तियाँ कारांबूचे पणजोबा होते.

कारांबू म्हणजे १९९८ च्या फायनलमध्ये थुरामच्या पुढ्यात, उजव्या बाजूला खेळणारा मिडफिल्डर. तो राष्ट्रगीत गात नसे. ल पेनला ते खटकायचं आणि टीव्हीवर त्याची चर्चा व्हायची. पणजोबांना पॅरिसमध्ये तिकीट लावून दाखवलं, ६७ वर्षांनी पणतूला त्याच पॅरिसनं डोक्यावर घेतलं, आणि मधल्या काळाचं कुणाला काही विचारायचं नव्हतं. थुरामनं संग्रहालयात जे मांडलं ते एका अर्थानं त्याच्या आईच्या उत्तराला दिलेलं उत्तर होतं. लोक ‘असेच’ नसतात. त्यांना तिकीट काढून, पोस्टर लावून, शाळेच्या सहली नेऊन तसं घडवलं जातं.

हे सगळं वाचून तो संत वाटायला लागला असेल तर थांबा. २०१० च्या वर्ल्डकपमध्ये फ्रेंच खेळाडूंनी एका सहकाऱ्याला घरी पाठवल्याच्या निषेधार्थ सराव नाकारला. थुराम तेव्हा फुटबॉल महासंघाच्या परिषदेवर होता. कर्णधार पॅट्रिस एव्ह्राला पुन्हा कधीही जर्सी देऊ नये, अशी मागणी त्यानं केली. एव्ह्राही सेनेगलमध्ये जन्मलेला, पॅरिसच्या उपनगरात वाढलेला. काही वर्षांनी एव्ह्रानं टीव्हीवर टोला हाणला की गुलामीवरची पुस्तकं, चष्मा आणि टोपी घेऊन फिरलं की कुणी माल्कम एक्स होत नाही. मला तो टोला अन्यायाचा वाटतो, पण थुरामची मागणीही न्यायाची वाटत नाही. २००१ मध्ये मैदानात घुसलेल्या पोरावर ओरडणारा आणि २०१० मध्ये एव्ह्राला कायमचं बाहेर काढा म्हणणारा माणूस एकच आहे. आपल्यातला एक चुकला तर किंमत सगळ्यांना मोजावी लागते ही भीती दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी त्याच्या हातात खुर्ची होती.

२०११ मध्ये आणखी वाईट घडलं. मीडियापार या वृत्तसंस्थेनं उघड केलं की महासंघाच्या बैठकीत प्रशिक्षण केंद्रांमध्ये दुहेरी नागरिकत्व मिळू शकणाऱ्या मुलांचं प्रमाण गुपचूप मर्यादित करण्यावर चर्चा झाली होती. म्हणजे मुख्यतः आफ्रिकन आणि अरब वंशाच्या मुलांचं. बैठकीत राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, आणि उंच, ताकदवान मुलं म्हणजे काळी मुलं असं तेही बोलले होते. प्रशिक्षक म्हणजे लॉराँ ब्लाँ, ज्याच्या रेड कार्डानंतरची शेवटची मिनिटं थुराम आणि बाकीच्यांनी सांभाळली होती. ब्लाँनं शब्दांबद्दल माफी मागितली, चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. पण विश्वविजेता संघ दुभंगला. झिदान आणि देशाँ ब्लाँच्या बाजूनं बोलले. थुराम आणि व्हिएरा यांनी टीका केली. ‘काळे, गोरे, अरब’ ही घोषणा ज्यांच्यावरून निघाली त्यांच्यात तेरा वर्षांनी अशी रेघ पडली. झिदान वर्णद्वेषी आहे असं कुणीच म्हणणार नाही. पण मित्रावरचा विश्वास एकीकडे आणि बैठकीत बोललेले शब्द दुसरीकडे, यात थुरामनं शब्द निवडले. २०१९ मध्ये इटलीतल्या एका मुलाखतीत गोऱ्यांना आपण श्रेष्ठ वाटतो अशा अर्थाचं बोलल्यावर त्यालाच वर्णद्वेषी ठरवायचा प्रयत्न झाला. पुढच्याच वर्षी त्यानं ‘गोरा विचार’ या विषयावर अख्खं पुस्तक काढलं.

त्याचे दोन्ही मुलगे फ्रान्ससाठी खेळतात. दोघांचा जन्म इटलीतला. मोठ्याचं नाव मार्कुस, कृष्णवर्णीयांच्या चळवळीतले नेते मार्कस गार्वी यांच्यावरून. धाकट्याचं खेफ्रेन, इजिप्तच्या फेरोवरून. मार्कुस फॉरवर्ड आहे, त्याचं कामच गोल करणं. जून २०२४ मध्ये युरो स्पर्धेसाठी संघ जर्मनीत होता, आणि फ्रान्समध्ये ल पेनच्या मुलीचा पक्ष युरोपीय निवडणुकीत पहिला आला होता. संसदेच्या निवडणुका तोंडावर होत्या. १५ जूनच्या पत्रकार परिषदेत मार्कुस सरळ म्हणाला की हा पक्ष सत्तेवर येऊ नये म्हणून रोज लढावं लागेल, आणि नुसतं मतदान करा म्हणून भागणार नाही. संघात असं उघडपणे पक्षाचं नाव घेऊन बोलणारा तो पहिला. महासंघानं पत्रक काढून, आपल्यावर राजकीय दबाव नको, असं कळवलं.

दोन दिवसांनी ड्युसेलडॉर्फमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध पहिला सामना होता. मार्कुस सुरुवातीच्या अकरात होता. फ्रान्स १-० असं जिंकलं. तो एकमेव गोल एका ऑस्ट्रियन बचावपटूच्या डोक्याला लागून त्याच्याच जाळ्यात गेला होता.